तुमच्या ऑफिसच्या सप्लाय चेनमध्ये वेठबिगारी आहे का? छोट्या कंपनीने हे कसं शोधायचं

आज नवीन फोनचा रिव्ह्यू नाही आणि एआयबद्दलही काही नाही. आज एका एक्सेल शीटबद्दल सांगणार आहे. ती भरताना मला जे कळलं ते तुमच्यापैकी जे नोकरी करतात त्यांना उपयोगी पडेल, आणि जे नोकरी शोधतायत त्यांना कदाचित जास्तच.

मी पुण्यात एका छोट्या आयटी सर्व्हिस कंपनीत काम करतो. सगळे मिळून ३४ जण. बाणेरला एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर ऑफिस. आमचा एक क्लायंट इंग्लंडमधली मोठी कंपनी आहे, आमचं जवळपास निम्मं बिलिंग तिच्याकडून येतं. एक दिवस त्यांच्याकडून व्हेंडर फॉर्म आला, ६२ प्रश्नांचा. सरांनी तो मला फॉरवर्ड केला आणि वर एकच ओळ लिहिली, "तुझं एक्सेल चांगलं आहे, संध्याकाळपर्यंत भरून टाक."

बॅकअप, पासवर्ड पॉलिसी, लॅपटॉप एन्क्रिप्शन असं सगळं पटापट भरत गेलो. मग एक प्रश्न आला, "तुमच्या कंपनीत किंवा तुमच्या सप्लाय चेनमध्ये आधुनिक गुलामगिरीचा धोका आहे का?" मला हसूच आलं. आम्ही कोड लिहितो, कॉफी पितो, स्टँडअपला उशिरा येतो. गुलामगिरी कुठली? मी 'नाही' लिहिलं आणि पुढच्या प्रश्नावर गेलो.

दोन दिवसांनी फॉर्म परत आला. बाकी ६१ उत्तरांना हिरवी टिक होती. या एका उत्तरासमोर कमेंट होती, "हे तुम्हाला कसं माहीत?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आधी शब्द समजून घेऊ

गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साखळदंड येतात. आजची गुलामगिरी तशी दिसत नाही. माणूस काम करतोय, सोडून जायची त्याची इच्छा आहे, पण त्याला जाता येत नाही, कारण कर्ज आहे, किंवा कागदपत्रं मालकाकडे आहेत, किंवा पगार अडकलाय, किंवा धमकी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, म्हणजे आयएलओने, सक्तीची मजुरी ओळखायच्या ११ खुणा दिल्या आहेत. पगार अडवणं, ओळखपत्रं काढून घेणं, कर्जात अडकवणं, फसवून कामावर आणणं, येण्याजाण्यावर बंधन, अतिरेकी ओव्हरटाइम, धमक्या या त्यातल्या काही. एखादी खूण दिसली म्हणजे लगेच गुलामगिरी सिद्ध होत नाही, पण तिथे थांबून नीट बघायचं असतं. आयएलओच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या मजुरीत होते.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, वेठबिगार. बीड जिल्ह्यातल्या कुणाला विचाराल तर 'उचल' हा शब्द ऐकायला मिळेल. ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ रक्कम देतो आणि मग ती तोडणी करून फेडायची. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नाही. पण फेड पूर्ण होईपर्यंत निघताच येत नसेल आणि बाकी पुढच्या हंगामावर ढकलली जात असेल, तर प्रकरण तिकडेच जातं. यासाठी भारतात १९७६ पासून वेठबिगारी निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा आहे. त्या कायद्याने असं कर्ज आपोआप रद्द होतं. आणि वाद झालाच, तर हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर येते, मजुरावर नाही.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडच्या कंपनीला बाणेरच्या ऑफिसचं काय पडलंय? तर तिथे २०१५ चा मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट आहे. ज्या कंपनीची उलाढाल ३ कोटी ६० लाख पाउंड किंवा जास्त आहे, तिला दरवर्षी जाहीर निवेदन द्यावं लागतं, की आपल्या धंद्यात आणि सप्लाय चेनमध्ये गुलामगिरी नसावी म्हणून आम्ही काय केलं. ऑस्ट्रेलियात २०१८ पासून असाच कायदा आहे. आपल्याकडे सेबी मोठ्या लिस्टेड कंपन्यांकडून जो बीआरएसआर अहवाल मागते, त्यातही सक्तीच्या मजुरीबद्दल विचारलेलं असतं. यातला एकही कायदा आम्हा ३४ जणांना थेट लागू नाही. पण मोठ्या कंपनीला उत्तर द्यायचं असतं, म्हणून ती तिच्या व्हेंडरला विचारते आणि प्रश्न घरंगळत आमच्यापर्यंत येतो.

सप्लाय चेन म्हणजे नोड मॉड्यूल्सचा फोल्डर

ज्यांनी जावास्क्रिप्टमध्ये काम केलंय त्यांना हे लगेच कळेल. तुमच्या पॅकेज फाइलमध्ये दहा-बारा लायब्रऱ्या दिसतात. इन्स्टॉल करून नोड मॉड्यूल्सचा फोल्डर उघडला की आत शेकडो, कधीकधी हजाराच्या वर पॅकेजेस निघतात. ती तुम्ही मागितलेली नसतात, तुम्ही मागितलेल्यांनी मागितलेली असतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेची भानगड झाली तेव्हा निम्म्या कंपन्यांना हेच शोधायला दिवस लागले, की बाबा, ही लायब्ररी आमच्याकडे आहे तरी का?

माणसांचंही असंच असतं. आमच्या दारातला वॉचमन आमचा नोकर नाही, एजन्सीचा आहे. एजन्सीने तो गावातल्या कुणामार्फत आणलाय. त्या 'कुणा'ने त्याच्याकडून काय घेतलंय हे आमच्या कुठल्याच शीटवर नाही.

यादी कशी करायची यावर मी आधी फार डोकं खाजवलं. मग अकाउंटच्या ताईंनी सोपं करून दिलं. त्या म्हणाल्या, "अरे, बँक स्टेटमेंट घे ना. ज्याला पैसे गेले तो व्हेंडर." वर्षभराचं स्टेटमेंट आणि जीएसटीची खरेदी एकत्र केली तर ४१ नावं निघाली. त्यातली जास्तीत जास्त क्लाउड, डोमेन, सॉफ्टवेअर, सीए, इंटरनेट अशी. उरलेल्या प्रत्येकाला मी तीनच प्रश्न लावले. यात अंगमेहनतीचं, कमी पगाराचं काम आहे का? माणूस मध्यस्थामार्फत आलाय का? तो घरापासून लांब राहतोय का? तिन्हीला 'हो' म्हणजे सेल लाल, दोनला 'हो' म्हणजे पिवळा.

लाल निघाला एकच, सिक्युरिटी. पिवळे चार निघाले. हाउसकीपिंग, दुपारचा डबा देणारे, दिवाळीचे हॅम्पर आणि टीशर्ट पुरवणारे, आणि लॅपटॉप.

रेटच बोलतो

सिक्युरिटीचं बिल काढलं. दोन वॉचमन, दिवसाचा एक, रात्रीचा एक, प्रत्येकी १२ तास. दर माणशी महिना १६,५०० रुपये, म्हणजे एजन्सीला ३३,००० जात होते.

आता हिशोब करू. किमान वेतन कामाप्रमाणे, झोनप्रमाणे बदलतं आणि दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता बदलतो, म्हणून गणित सोपं व्हावं यासाठी आपण धरून चालू की आठ तासांचं, २६ दिवसांचं किमान वेतन १४,००० रुपये आहे. त्यावर मालकाचा पीएफ आणि त्याचे चार्जेस मिळून १३ टक्के, म्हणजे १,८२०. ईएसआयसी ३.२५ टक्के, म्हणजे ४५५. कायद्याचा कमीत कमी बोनस ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६. एकूण १७,४४१. यात युनिफॉर्म नाही, सुट्टीच्या दिवशी येणारा रिलीव्हर नाही, एजन्सीचा नफाही नाही.

म्हणजे आमचे १६,५०० आठ तासांनाच पुरत नव्हते. आणि काम तर १२ तासांचं होतं. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. चार तास दुप्पट दराने म्हणजे आठ तासांचा पगार. म्हणजे १२ तासांच्या ड्यूटीला कायद्याने पूर्ण दोन दिवसांची मजुरी होते! वरच्या हिशोबात नुसता पगारच २८,००० झाला. हे गणित मी तीनदा केलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं की माझंच काहीतरी चुकतंय.

एजन्सी फुकट काम करत नाही. ती जेव्हा १६,५०० मध्ये माणूस देते, तेव्हा उरलेले पैसे कुठूनतरी येत असतात, आणि ते त्याच माणसाच्या खिशातून येतात. हा रेट ठरवला कोणी? गिटमध्ये ब्लेम कमांड चालवली की ती ओळ कोणी लिहिली ते कळतं, तसं मी जुने मेल काढले. एजन्सीचं पहिलं कोटेशन १९,००० चं होतं. ते खाली आणल्याबद्दल आमच्याच ऑफिसच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी होते. त्यात एक माझाही होता.

यावर सुप्रीम कोर्टाचा एक जुना निकाल आहे, तो प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. १९८२ मध्ये दिल्लीत एशियाड होणार होतं, स्टेडियम आणि फ्लायओव्हर बांधायचं काम जोरात चालू होतं. सरकारी संस्थांनी काम कॉन्ट्रॅक्टरला दिलेलं, कॉन्ट्रॅक्टरने मजूर जमादारांमार्फत आणलेले. किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. जमादार त्यातला एक रुपया कमिशन कापायचे, मजुराच्या हातात सव्वाआठ. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना कोर्टात गेली. कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही संविधानाच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरीच आहे, कारण भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच. आणि काम कॉन्ट्रॅक्टरला दिलंय म्हणून मूळ संस्थेला हात झटकता येणार नाहीत. त्या वादात हा एक रुपयाही होता.

फोनवरून काय तपासता येतं

एजन्सीला पगाराचे पुरावे मागितले तर त्यांनी सॅलरी स्लिपच्या पीडीएफ पाठवल्या. मित्रांनो, पीडीएफ म्हणजे पुरावा नाही. ती मी पण दहा मिनिटांत बनवून देतो.

त्यापेक्षा ईपीएफओच्या वेबसाइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च म्हणून सुविधा आहे. लॉगिन लागत नाही. एजन्सीचं नाव टाकायचं, यादीतून ती निवडायची आणि पेमेंट डिटेल्स बघायचे. कुठल्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा भरला, ते दिसतं. आमच्या एजन्सीच्या माहितीपत्रकावर १४० गार्ड लिहिलेले होते. पोर्टलवर माणसं दिसली ३८. यावरून लगेच चोर म्हणता येत नाही, माहितीपत्रकात फुगवून लिहायची आपल्याकडे पद्धतच आहे. पण विचारायला प्रश्न मिळाला.

ज्याचा पीएफ कापला जातो त्याला स्वतःला तपासणं अजून सोपं आहे. यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शिल्लक एसएमएसने येते. उमंग ॲपमध्ये पासबुक महिन्यामहिन्याने दिसतं. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात जमा नाही, तर ते पैसे कुठे गेले हे मालकाला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हे तुम्ही तुमच्या स्वतःच्या पगारासाठीही आज रात्री करून बघा. सिक्युरिटी एजन्सीला पसारा लायसन्स लागतं, म्हणजे २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचं. त्याची प्रत मागायची आणि मुदत संपली नाही ना ते बघायचं.

पण एवढं सगळं करूनही खरी गोष्ट मला कुठल्याच पोर्टलवर सापडली नाही.

रात्री अकरा वाजता

एका डिप्लॉयमेंटच्या रात्री मी ऑफिसमध्ये अडकलो होतो. खाली जाऊन दोन कटिंग आणले, एक रात्रीच्या वॉचमनला दिला. पोरगा बावीसचा, नांदेड जिल्ह्यातला. मी त्याला दादा म्हणतो, तो मला सर म्हणतो. टेबलावर पोलीस भरतीचं पुस्तक होतं. मी विचारलं, "दादा, फॉर्म भरलाय का?"

"भरलाय सर. मैदानीची तयारी चालूय. पण कागदं एजन्सीत हायेत."

"कुठली कागदपत्रं?"

"दहावी, बारावीचे ओरिजिनल मार्कशीट. लागलो तवाच जमा करून घेतले. मागितले तर म्हणतेत, वर्ष पूर्ण कर, मग देतो."

मग एकेक निघत गेलं. युनिफॉर्मचे ३,५०० पगारातून कापले. दीड महिन्याचा पगार 'डिपॉझिट' म्हणून मागे ठेवलाय. एक खाडा झाला की दोन दिवसांचे पैसे जातात. भावाच्या लग्नाला जाता आलं नाही, कारण गेलो तर मागचा पगार बुडेल असं सांगितलं होतं. मी आयएलओची यादी पाठ केली होतीच. मनात टिका पडत गेल्या. कागदपत्रं, पगार अडवणं, ओव्हरटाइम, धमकी. ज्या दारातून मी रोज कार्ड दाखवून आत जातो, त्या दारात हे बसलेलं होतं आणि मी फॉर्ममध्ये 'नाही' लिहिलं होतं.

माझं रक्त तापलं. म्हटलं, आत्ताच एजन्सीला मेल टाकतो. तो पटकन म्हणाला, "सर, माझं नाव नका घालू. उद्याच काढतेल. मग कागदं पण गेले आन् पगार पण."

यात मी जवळपास चुकलोच होतो. सगळ्यात सोपा उपाय वाटतो तो म्हणजे कॉन्ट्रॅक्ट रद्द करा, दुसरी एजन्सी आणा, फॉर्मवर हिरवी टिक घ्या. त्यात आमचे हात स्वच्छ झाले असते आणि त्याचे कागद एजन्सीच्या कपाटातच राहिले असते. दुसरी एजन्सी हेच करत नाही कशावरून?

आम्ही काय केलं

सरांना सगळं सांगितलं, गणितासकट. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे हे आपणच केलंय." मग आम्ही एजन्सीला एक पत्र दिलं. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. आमच्या परदेशी क्लायंटची अट आहे असं सांगून (ते खरंच होतं) सगळ्या व्हेंडरना लागू होतील अशा अटी घातल्या. कुठल्याही कामगाराचं मूळ कागदपत्र ठेवायचं नाही, फक्त झेरॉक्स. डिपॉझिट म्हणून पगार मागे ठेवायचा नाही. नोकरी लावायचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. पगार बँकेतूनच, आणि एटीएम कार्ड ज्याचं त्याच्याकडे. १५ दिवसांत लेखी खात्री द्या, नाहीतर पुढचं बिल थांबेल.

एजन्सीचे मालक स्वतः आले. माणूस वाईट वाटला नाही, हे पण सांगितलं पाहिजे. म्हणाले, "सर, मार्कशीट सगळेच ठेवतात. नाहीतर पोरं पळून जातात." मग जरा थांबून म्हणाले, "आणि रेट तुम्हीच दाबला होता."

पहिल्या वाक्याने माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

रेटचा तोडगा असा निघाला. आमच्या मजल्यावर अजून दोन ऑफिसं आहेत. तीही आमच्याच वॉचमनच्या जिवावर निवांत होती. आम्ही म्हटलं, तिघांत तीन वॉचमन ठेवू, आठ-आठ तासांचे, पूर्ण वेतन देऊन. एका ऑफिसने नकार दिला. दुसरं तयार झालं. एजन्सीचा खर्च, नफा आणि रिलीव्हर धरून महिना साधारण ६८,००० बसतात, दोघांत ३४,०००. म्हणजे आधीपेक्षा आमचे फक्त हजार रुपये वाढले. एवढ्याशा फरकासाठी दोन माणसं १२-१२ तास उभी होती, हे मला अजून पचत नाही.

त्या पोराचे कागद भरतीच्या कागदपत्र पडताळणीच्या पाच दिवस आधी मिळाले. अडकलेला पगार दोन हप्त्यांत आला. दिवसाचा आधीचा वॉचमन मात्र त्याआधीच काम सोडून गेला होता, मार्कशीट न घेता. त्याचा नंबर लागत नाही.

लॅपटॉप आणि बाकीचं

लॅपटॉपबाबत छोट्या कंपनीच्या हातात फार काही नाही, उगाच मोठ्या गप्पा मारत नाही. बॅटरीतल्या कोबाल्टचा मोठा भाग काँगोतून येतो आणि तिथल्या हाताने खोदायच्या खाणींत लहान मुलं काम करताना आढळली आहेत. मलेशियातल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत २०१४ मध्ये व्हेरिटे या संस्थेने पाहणी केली, तेव्हा दर १०० कामगारांपैकी २८ जण सक्तीच्या मजुरीच्या व्याख्येत बसले. नोकरीसाठी एजंटला दिलेलं कर्ज आणि काढून घेतलेला पासपोर्ट ही त्यातली मोठी कारणं. खाण तपासायला आम्ही जाऊ शकत नाही. आपले सप्लायर जाहीर करणाऱ्या ब्रँडचे लॅपटॉप घेतो आणि तीनऐवजी पाच वर्षं वापरतो, बास. टीशर्टवाल्याला कुठे शिवता म्हणून विचारलं, त्याने वर्कशॉप दाखवायला बोलावलं, ते बरं वाटलं.

आणि आपण स्वतः?

हे सगळं चालू असताना मला माझी पहिली नोकरी आठवली. कॅम्पसमधून लागलो होतो, कंपनीचं नाव सांगत नाही. जॉइनिंगच्या दिवशी डिग्रीचं ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करून घेतलं, दोन वर्षांचा बाँड आणि एक कोरा चेक. आम्ही ११ जणांनी हसत हसत सह्या केल्या. मी गुलाम होतो असं मी म्हणणार नाही. मला घर होतं, वडिलांचा पगार होता, निघालोच असतो तर दुसरी नोकरी मिळाली असती. पण माझं सर्टिफिकेट ज्या कपाटात होतं, ते आणि त्या पोराच्या मार्कशीटचं कपाट एकाच विचाराने बनलेलं आहे, 'नाहीतर पोरं पळून जातात'. कराराचा बाँड ही वेगळी गोष्ट. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध धरला. पण मूळ कागदपत्र काढून देऊ नका. डिजीलॉकरची प्रत दाखवा, व्हेरिफिकेशन करून घ्या म्हणावं, ओरिजिनल दाखवून परत घरी आणा.

आणि थायलंडमधल्या 'डिजिटल मार्केटिंग'च्या जॉबचा टेलिग्रामवर मेसेज आला तर सावध राहा. २०२२ पासून परराष्ट्र मंत्रालय याबद्दल इशारे देतंय. बँकॉकला उतरवून पोरांना म्यानमारमधल्या म्यावाडीच्या बाजूला नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बसवतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना तिथून परत आणलं. आयटी येणारी, इंग्रजी बोलणारी मुलंच त्यांना हवी असतात. परदेशी नोकरी लावणारा एजंट नोंदणीकृत आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं.

कुणी खरंच अडकलेलं दिसलं, तर वेठबिगारीची तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करता येते. मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१०० आहे, वेठबिगारीतल्या व्यक्तीला उत्पन्न न बघता वकील मिळतो. जीव धोक्यात असेल तर ११२, आणि मूल असेल तर १०९८. पण आधी त्या माणसाला विचारा की त्याला काय हवंय. त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकू नका, प्लीज.

फॉर्मचं दुसरं उत्तर

शेवटी मी त्या सेलमध्ये लिहिलं, "हो, धोका आहे. सिक्युरिटीमध्ये सापडला, हे असं केलं. एका माणसाचे कागद परत मिळवता आले नाहीत. हाउसकीपिंगचं अजून तपासलेलं नाही." पाठवायच्या आधी सर दोनदा म्हणाले, "निम्मं बिलिंग आहे रे यांच्याकडून, विचार कर." पाठवलं. आठवडाभर दोघांनाही धड झोप नव्हती. मग उत्तर आलं. त्यांनी आभार मानले होते, आणि हाउसकीपिंगचं कधीपर्यंत तपासणार असं विचारलं होतं.

ते अजून बाकी आहे. सकाळी झाडायला येणाऱ्या मावशींशी मी दोनदा बोलायला गेलो. दोन्ही वेळा त्यांचा सुपरवायझर शेजारी येऊन उभा राहिला आणि मावशी म्हणाल्या, "सगळं बरं आहे दादा." सुपरवायझर गुरुवारी दुसऱ्या साइटवर असतो असं कळलंय. मी गुरुवारी सात वाजता ऑफिसला जाणार आहे.